उंडग्या सुरवंटाचं शेवटचं कडवं

(गुरुजींचा ओटा. सकाळ. सुपात जुनं वर्तमानपत्र, त्यावर सात रेशीमकोष. त्यातले तीन फुटलेले, त्यांतून निघालेली तीन पांढरी पाखरं सुपातच.)

गुरुजी: पंख ओले असतील अजून. धीर धर.

तृप्ती: काल पण हेच म्हणले तुम्ही, गुरुजी. काल सकाळी निघालंय हे पाखरू. मी बोट लावून पाह्यलं, बिलकुल कोरडे हायेत.

गुरुजी: मग सूप जरा उन्हात सरकव.

तृप्ती: सरकवलं. ऊन लागलं की नुसती फडफड करतंय आन् गोल गोल चालतंय. उडून न्हाई राह्यलं. तळहातावर घेऊन वर धरलं, तर खाली पडलं.

गुरुजी: लागलं का त्याला?

तृप्ती: न्हाई. उलटं झाल्तं. सुलटं झालं आन् परत चालाय लागलं.

गुरुजी: तृप्ती, दहा वाजता तालीम आहे. शाळेचं संमेलन उद्यावर आलंय. वंदना मॅडम वाट बघत असतील.

तृप्ती: त्याच्यासाठीच आले मी. गाण्याचं शेवटचं कडवं मी म्हणणार न्हाई.

गुरुजी: बस इथं. जूनमध्ये मी तुमच्या चौथीला तो जुना कार्टून सिनेमा दाखवला, ‘उंडगा सुरवंट’. संपल्यावर सगळी पोरं पळाली. तू एकटी टीव्हीपुढं बसून राहिलीस, परत लावा म्हणालीस. आठवतं?

तृप्ती: तीनदा पाह्यला. सगळी गाणी पाठ हायेत. तो तुतीच्या झाडावरून उतरून नदी पाहायला जातो. मुंगळ्यांच्या फौजेत भरती होतो. बेडकासंगं पैज लावतो. मंग कोष विणतो आन् शेवटी पाखरू होऊन उडतो.

गुरुजी: आणि उडताना काय म्हणतो?

तृप्ती: ‘फोडून आलो दार मी माझे, आता कशाची भीती. आभाळ घेतो पंखांखाली, खाली राहू दे माती.’

गुरुजी: किती छान म्हणतेस. मग अडतंय कुठं?

तृप्ती: आमच्या शेडात हजारो अळ्या कोष करतात. पण पाखरू निघायच्या आधीच पप्पा कोष जालन्याच्या बाजारात नेतात. पाखरू निघालं की धागा तुटतो ना. मी एकदा पण पाखरू पाह्यलं नव्हतं. म्हणलं, ज्याचं गाणं म्हणायचं त्याला एकदा पाहावं तर. पप्पांना सात कोष मागितले. पप्पा म्हणले, घे, पण शेडात ठेवू नको, तिथं अंडी घातली तर अळ्यांवर रोग येईल. म्हणून तुमच्या ओट्यावर आणले. आन् पाह्यलं, तर हे असं.

गुरुजी: मीही पाहिलं नव्हतं, तृप्ती.

तृप्ती: तुम्ही तर सगळ्यांना शिकवता.

गुरुजी: अठ्ठावीस वर्षं दर साली हा सिनेमा दाखवला. रिटायर झालो तरी दाखवतो. सिनेमात उडालं, म्हटलं उडत असेल. आता तर गावात निम्म्या घरांत कोष होतात. पण एक कोष फुटेपर्यंत मी कधी थांबलो नाही.

तृप्ती: बाकीचे चार फुटले की त्यातलं एखादं उडेल का?

गुरुजी: नाही उडणार. काल तू गेल्यावर मी जालन्याला रेशीम खात्यातल्या बाईंना फोन लावला होता. त्यांनी निवांत समजावलं. म्हणाल्या, ही जात माणसांनी हजारो वर्षं पाळली. पाला तोंडापुढं, डोक्यावर छप्पर. कुठं जायची गरजच पडली नाही. पंख राहिले, उडणं गेलं. रानातली पाखरं उडतात, ही नाही.

तृप्ती: म्हणजे तुम्हाला कालच कळालं.

गुरुजी: हो.

तृप्ती: मंग आत्ता पंख ओले हायेत असं काहून म्हणलात?

गुरुजी: चुकलं माझं. वाटत होतं, एखादं तरी उडेल.

तृप्ती: मला पण लई वाटत होतं.

गुरुजी: आता मी एक विचारतो. उद्या शेवटच्या कडव्याला लिंबाच्या फांदीवरून पाळणा वर ओढणार आहेत, तुला बसवून. त्या पाळण्याची भीती वाटते का तुला?

तृप्ती: वाटती. काल तालमीत डोळे झाकून बसल्ते.

गुरुजी: म्हणजे कारण पाळणा आहे की पाखरू?

तृप्ती: ते उडालं असतं तर मी बसले असते, गुरुजी. भीत भीत बसले असते. पण ते उडत न्हाई, तर मी काहून उडू?

साधना: (ओट्यावर येत) तृप्ती, इथं हाय का तू? सगळं घर धुंडाळलं म्या. गुरुजी, हिला जल्दी शाळेत पाठवा. मॅडमनी दोनदा फोन केला. मी दोन दिवस मशीनवर बसून हिच्यासाठी पंख शिवून राह्यले, आन् ही इथं किडे पाहत बसली.

गुरुजी: साधनाबाई, तुमची लेक शेवटचं कडवं म्हणायला तयार नाही. रेशमाचं पाखरू उडत नाही म्हणते. आणि तिचं बराबर आहे.

साधना: अवो, सिनेमा हाय तो. सिनेमात तर बेडूक पण गातो.

तृप्ती: बेडूक गातो ते खोटं हाय, हे समद्यांना माहीत हाय, मम्मी. हे समद्यांना खरं वाटतं. पप्पांना पण. आपल्याच घरात इतके कोष, आन् आपल्यालाच माहीत न्हाई.

साधना: ते खरं हाय. तिच्या पप्पांनी चौथीत हेच गाणं म्हणलं होतं, ठाऊक हाय ना तुम्हाला? अजून सांगतात. पाळणा वर गेला आन् थेट हसनाबादचा बाजार दिसला म्हणे.

गुरुजी: कल्याण माझ्याच वर्गात होता. त्याला बाजार कुठला दिसतोय. पाळणा माझ्या खांद्याच्या वर गेला नव्हता.

साधना: हे सांगते आज त्यांना. पण उद्या सगळं गाव येणार, गुरुजी. पोरगी ऐन टायमाला माघार घेती म्हणल्यावर लोक हसतील.

तृप्ती: माघार न्हाई घेत. गाणं म्हणणार हाय मी. खोटं तेवढं म्हणणार न्हाई.

साधना: हेच का ते पाखरू? कसं पांढरं हाय, पीठ लावल्यावानी. आन् या कोषाचं भोक किती गोल हाय. फोडलंय असं वाटतच न्हाई.

तृप्ती: फोडत न्हाईच ते. तोंडातून पाणी सोडून कोष भिजवतं. मंग डोक्यानं ढकलतं. थांबतं, परत ढकलतं. हे तिसरं निघताना मी पाह्यलं. मला वाटलं, मरतंय आता. पण निघालं.

गुरुजी: म्हणजे ‘फोडून आलो’ हेही चुकलंच.

तृप्ती: हौ.

गुरुजी: घरातून माझी वही आण. देवळीत आहे, पेनसुद्धा. हां. आता तू सांग, मी लिहितो. चाल तीच राहील, नाहीतर पेटीवाला गोंधळेल. फोडून नाही, तर काय?

तृप्ती: भिजवून. ‘भिजवून आलो दार मी माझे.’

गुरुजी: ‘आता कशाची भीती’ राहू द्यायचं?

तृप्ती: राहू द्या. ते खरं हाय.

गुरुजी: पुढं आभाळ आहे.

तृप्ती: आभाळ काढा. ‘पंख असू दे पाठीवरती...’ पुढं काय म्हणू?

साधना: पायांखाली माती.

तृप्ती: मम्मी, बराबर बसलं.

गुरुजी: एकदा सगळं म्हणून दाखव.

तृप्ती: ‘भिजवून आलो दार मी माझे, आता कशाची भीती. पंख असू दे पाठीवरती, पायांखाली माती.’ आन् मंग मी पाळण्यात न बसता चालत चालत पोरांमधून शेवटच्या रांगेपर्यंत जाते. हळूहळू. त्याच्यावानी.

साधना: मंग शिवलेल्या पंखांचं काय करू? उसवू का?

तृप्ती: उसवू नको. त्याला पण हायेतच की.

गुरुजी: वंदना मॅडमकडं मी येतो तुझ्यासोबत. पाळण्याचा दोर काढून घ्यायला सांगतो. त्या चिडल्या तर माझ्यावर चिडू देत. आणि उद्या तुझ्या गाण्याआधी मीच उठून सांगतो, की अठ्ठावीस वर्षं मी या गावाच्या पोरांना चुकीचं शिकवलं.

तृप्ती: असं नका म्हणू. म्हणा, मी पाह्यलं नव्हतं.

गुरुजी: बरं. तसंच म्हणेन. साधनाबाई, माझी काठी द्या तेवढी. चल, उशीर झाला.

तृप्ती: थांबा, गुरुजी. ते सुपातून खाली उतरलंय. पाय जरा मागं घ्या, त्याच्या वाटंत हाय.