बत्तीस वेळा चावलेला घास

इफेओमा नावाची माझी एक मैत्रीण आहे. तिच्या नायजेरियन आजींनी मला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. भोपळ्याच्या बियांसारख्या बियांचं घट्ट एगुसी सूप, आणि त्याच्याबरोबर उकडलेला कंद कुटून केलेला मऊ गोळा.

"एगुसीशी हाच जमतो," म्हणत आजी माझ्याकडे टक लावून बसल्या. मी गोळ्याचा घास सूपमध्ये बुडवला आणि चावत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"गुठळी राहिली का गं?"

मी घाईने नकारार्थी मान हलवली, पण चावतच होते.

इफेओमा कुजबुजली, "चावू नकोस, हा गोळा चावत नाहीत! आजीला वाटतंय, तिचं काहीतरी बिघडलं."

घाबरून मी खरं सांगितलं, "आई म्हणते, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा."

आजींनी उखळाकडे बोट दाखवलं. "ते काम मी तिथे करून आलेय. तू नुसतं गिळ."