काचेचं हॉटेल

नाही नाही, खोली चांगली आहे, मी नावं नाही ठेवून राहिली – फक्त इतकंच म्हणते का बाथरूमले भिंत पाहिजे होती. काच कोणी लावते का बाथरूमले? एक जण आंघोळ करून राहिला अन् बाकीचे पलंगावर बसून पाहून राहिले, असं का? पडदा आहे? बटन दाबलं का खाली येते? बरं, मंग ठीक आहे. अन् ह्या भिंतीले प्लास्टर करायचं राहून गेलं का डिझाइनच असं आहे – डिझाइन आहे, बरं, हसू नको, मी पारशिवनीच्या शाळेत एकतीस वर्षं पोरं शिकवली, आमच्या शाळेच्या भिंती अशाच होत्या, पण त्याले डिझाइन म्हणतात हे नव्हतं माहीत. गार्गी ना तू? पाटीवर लिहिलं आहे. छान नाव आहे.

कसं आहे गार्गी, माझ्यापुढं दोन हॉटेलं आहेत. एक हे तुमचं, अन् एक ते सिव्हिल लाइन्समधलं, इंग्रजांच्या वेळचं. काल तिथंच गेली होती मी. काय खोल्या आहेत वं – सागवानी पलंग, छत इतकं उंच का पंख्याची दांडीच माणसाएवढी, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. मॅनेजरनं किटलीतून चहा पाजला. पोराचा दहावीचा निकाल लागला तं आमचे हे त्याले तिथंच घेऊन गेले होते, कटलेट खायले. देवराव यांचं नाव, वीज बोर्डात होते. दोघंच गेले, मले नाही नेलं – म्हणे बाप-लेकाचं काम आहे. पोरानं काट्यानं खाता खाता कटलेट टेबलाखाली पाडलं अन् यायनं गुपचूप आपलं त्याच्या प्लेटीत सरकवलं, वर्षभर तेच सांगत होते मले. म्हणून वाटलं तेच हॉटेल घ्यावं. मंग घरी जाऊन वाटलं, नको. तिथं त्याले बाप दिसल, अन् बायकोसमोर रडल तो.

कोणासाठी म्हणजे? माझ्या पोरासाठी ना, सुगतसाठी. टोरंटोले राहते. दुर्गेशचं, त्याच्या दोस्ताचं लग्न आहे, तं चार दिवसासाठी येऊन राहिला – सून आहे संग, अन् नात, भूमिका नाव तिचं, अडीच वर्षाची. घर? हाव, आहे ना घर, इथंच बेसाले आहे, तीन खोल्या, वर गच्ची. पण तिकडच्या लोकाईचं तुले माहीत नाही का, एसीशिवाय झोप येत नाही, लेकरू लहान, मच्छर चावतील, इथलं उन्ह – एसी आहे माझ्याकडे. मागच्याच महिन्यात बसवला. त्याच्या खोलीत. दुर्गेशनं लग्नाचं सांगतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

खरं सांगू का, त्यानं मले हॉटेल पाहायले नाही सांगतलं. त्यानं दुर्गेशले सांगतलं. दुर्गेश माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, त्याले राहवलं नाही, आला घरी अन् मान खाली घालून म्हणे, काकू, असं असं आहे. मी म्हटलं, ठीक आहे, तू लग्नाच्या धावपळीत आहे, हॉटेल मी पाहते, फक्त माझं नाव घेऊ नको त्याच्यापुढं. तू बी घेऊ नको, बेटा.

काहून येत नाही घरी – आता तू विचारलं नाही, पण तोंडावर दिसून राहिलं तुझ्या. मीच केलं ते. यांच्या किडन्या गेल्या होत्या, आठ महिने डायलिसिस चाललं. तिकडे पोराचे कायम राहायचे कागदं व्हायचे होते, मधात देश सोडला का अडकते असं कोणीतरी सांगतलं, अन् ते मी डोक्यात धरून बसली. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा तं मी फोन माझ्याच तोंडापुढं धरायची – बाबा आंघोळीले गेले, बाबा झोपले, बाबा भाजी आणायले गेले. हे पलंगावरून ऐकायचे. म्हणायचे, एकदा सुगतले सांग ना वं. मी म्हणायची, कागदं होऊ द्या, मंग सांगू. कागदं झाले बी. त्याच्या आधी हे गेले. तो आला तं पुण्यानुमोदनाचा दिवस होता, लोक पंगतीत जेवत होते. दारातच उभा राहिला, चप्पल बी काढली नाही, म्हणे, "आई, तू माझ्या बापाले माझ्यापासून लपवलं." तेवढंच बोलला. चार वर्षं झाले. काय चुकीचं बोलला? शिकलेली बाई मी, दुसऱ्याच्या पोराईले खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

जाऊ दे, तुले कामं असतील. मले हे सांग, नाश्ता इथंच देता ना, ह्या खालच्या काचेच्या हॉलमध्ये? अन् ही काच बाहेरूनही अशीच दिसते, पडदे नाही ओढत सकाळी? मी आत यायच्या आधी समोरच्या बस स्टॉपवर अर्धा घंटा बसून पाहिलं. मेट्रोच्या पिलरच्या बाजूले सरकलं का सगळं दिसते – एक माणूस पोहे खात होता, त्याच्या हातातला चमचा बी दिसला मले. त्या जुन्या हॉटेलात गेटपासून पोर्चपर्यंत झाडंच झाडं, चौकीदार उभं बी राहू देत नाही. इथं लहान खुर्ची आहे ना लेकराची? ती काचेजवळ लावशील? लावशील ना? मंग हेच. हेच लिही.

आयडी आणलं ना, आधारची झेरॉक्स आहे त्याची, सगळं फायलीत ठेवलं मी. पत्ता वाच, बेसा, नागपूर – काय? नागपूरच्या पत्त्यावर खोली देत नाही? नियम आहे?

बरोबरच आहे वं. ज्याचं घर गावात आहे त्याले हॉटेल कायले पाहिजे. आण ती झेरॉक्स इकडे. दुर्गेश त्याच्याकडून तिकडचं लायसन मागवून पाठवल, तेच लाव. नागपूरचा नाही तो, टोरंटो लिही. बुकिंग करणाऱ्याचं नाव दुर्गेशचं टाक. मी? मी त्याची कोणी नाही लागत, मी फक्त खोली पाहायले आली.

अन् उशी पातळ ठेव, जाड उशीनं त्याची मान धरते. कोणी सांगतलं म्हणून विचारलंच तं म्हण, आम्ही सगळ्याईले अशीच देतो. तुझा फोन वाजून राहिला बेटा. घे तू तो. मी जाते.