सारख्या वजनाच्या ढेपा

लग्नानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट सांगते. सोमवारी मला पुण्याच्या प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं होतं, पण सासरी विचारायचं धाडस होत नव्हतं. चहा पिताना चुलत सासूबाईंनीच विषय काढला, “तू करती काय गं तिथं?”

म्हटलं, “पेशींमध्ये फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. दोन वेगळे असले तरी कधीकधी वजन अगदी सारखं भरतं. मशीनवर ते ओळखायचे.”

“वजन सारखं, मग फरक कसला? यासाठी रोज पुणं गाठायचं व्हय? त्यापरीस घरी ऱ्हा की.”

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, गुऱ्हाळ चालवतात. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मग वळखता कसं?”

“फोडतो, मामा. आणि तुकड्यांचं वजन करतो.”

“हां! वैनी, गुळाच्या दोन ढेपा सारख्याच भरत्यात. चांगली कंची, हे येपारी फोडल्याबिगर सांगतो व्हय?”

हेच मला समजवायला आमच्या सरांना सहा महिने लागले होते.

सोमवारी मामांनीच स्कूटरवरून केडगाव स्टेशनला सोडलं. आभार मानायला गेले असते तर रडले असते, म्हणून रुळांकडे बघत राहिले. गाडी आली तसा त्यांनी हातावर गुळाचा खडा ठेवला.

“ह्यो मातूर मशीनमधी घालू नको, सूनबाई. खा.”