नमुन्याच्या चादरी

इस्पितळाच्या खरेदी विभागाबाहेर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा होता.

“ताई, आत काय बोलायचं ते ऐका. गिरणी बंद पडली, चाळीस बायका घरी बसल्या. आता आम्ही मिळून धुलाईघर काढलंय आणि चाळीसही जणी मालकिणी आहेत. इथल्या चादरी धुवायला दुसऱ्या शहरात कशाला धाडता?”

“छान बोलतेस.”

“मग चेहरा असा का?”

“या चादरी आपल्या मशीनमधल्या नाहीत. मी घरी उकळल्या. तासभर.”

“भावजींच्या सदऱ्याचे कधी इतके लाड केले नाहीत तुम्ही!”

“चेष्टा नको. जंतू मरतील इतकं मशीनचं पाणी तापत नाही गं. परवा थर्मामीटर घालून पाहिलं. साठाच्या वर जाईना.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“सगळ्या इतक्या खुशीत होत्या. म्हटलं, काम मिळू दे, मग दुरुस्त करू.”

“तोवर त्या चादरींवर कोण झोपणार? कालच टाके घातलेला माणूस!”

“हळू बोल.”

“आणि खरं सांगितलं तर चाळीसजणी परत घरी. काय करायचं, सांगा ना!”

दार उघडलं.

“धुलाईघरवाल्या बाई, नमुना आणा.”

थोरलीने गठ्ठा धाकटीच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः उठली.

“साहेब, नमुना नाही आणला. आठ दिवस द्या.”

“आज शेवटची तारीख आहे, बाई.”

“मग आत्ता आमचं मशीन बघायला चला. काय बिघडलंय, ते मीच दाखवते.”