जहाजावर न्यायच्या वस्तू : मंजूर आणि नामंजूर

…नाही, नाही, थांबा, हसू नका, आधी मी हे कुठून ऐकलं ते नीट सांगू द्या, कारण परवा हीच गोष्ट आमच्या विभागातल्या एकाने माझ्याच तोंडावर मला सांगितली आणि तीत मामांना समुद्रात ढकललेलं होतं! ढकललेलं! कुणीही कुणाला ढकललेलं नाही, तुम्हाला सांगतो. घरात जे घडलं ते मी स्वतः पाहिलेलं आहे, कारण एम. ए. ला आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी मामांच्याच घरी राहतो. आणि बंदरावर जे घडलं ते मला मामीच्या धाकट्या बहिणीने, तिला मीही मावशीच म्हणतो, सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, टॅक्सीच्या रांगेत उभ्या उभ्या सांगितलं. मावशीचा या प्रकरणात फायदा झालेला आहे, ही बाब कृपया ध्यानात ठेवा. मात्र तिला खोटं बोलता येत नाही, खोटं बोलायला लागली की तिला हसू फुटतं… आणि त्या दिवशी ती अधूनमधून हसत होती, हेही मी लपवत नाही.

तर मूळ मुद्दा असा, की बॅग भरायला किती वेळ लागावा? माणसाने कपडे घ्यावेत, औषधं घ्यावीत, चेन ओढावी! पण आमचे मामा छत्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात गोदामाचे स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपर म्हणजे काय, कल्पना आहे का तुम्हाला? त्यांच्या गोदामातून एक वॉशर जरी हवा असेल तरी चिठ्ठी लिहावी लागायची. वस्तू, नग, वजन, उपयोग, मागणी करणार कोण! मग मामा चिठ्ठी वाचणार, खालून वर एकदा, वरून खाली एकदा, आणि शिक्का मारणार : ‘मंजूर’ नाहीतर ‘नामंजूर, जागेवरच ठेवावे’. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी येतात, मामा हे दोन शिक्के घेऊन आले! आणि आल्यापासून घरात एकच वाक्य, ‘‘उपयोग काय? लिहून द्या!’’ मी साधा टेबललॅम्प मागितला, तुम्हाला सांगतो, परीक्षा आठ दिवसांवर, ‘‘उपयोग काय? लिहून दे!’’ मी लिहिलं, ‘वाचन.’ परत आली चिठ्ठी! ‘कसले, ते नमूद करावे.’

अशा माणसाला त्याच्या मुलीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला क्रूझची दोन तिकिटं पाठवली. आठ रात्री, एक केबिन, दोन पलंग, माणशी एक बॅग, बॅगेला पंधरा किलो. हे पंधरा किलो वाचलं आणि मामांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं! छत्तीस वर्षांत कुणी त्यांना इतकं सुरेख बंधन घालून दिलं नव्हतं!

आणि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : मामांना जायचं होतं. मनापासून जायचं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी पंपांच्या पेट्यांवर दूरदूरच्या बंदरांची नावं रंगवली. पेट्या गेल्या, मामा गोदामात राहिले. गोदामाला खिडकी नव्हती. बावीस बंदरांची नावं त्यांना क्रमाने पाठ आहेत, आणि त्यांतल्या तीन ठिकाणी हे जहाज थांबणार होतं. त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि जहाज हललं तर चालायचं कसं याचा सराव म्हणून ते रोज जेवणानंतर आमच्या बोळकांडीतून दोन्ही भिंतींना हात लावत, झोकांड्या खात चालायचे. शेजारच्या वकीलकाकूंनी एकदा ते दारातून पाहिलं आणि मामीला हळूच विचारलं, ‘‘हे… हल्लीच सुरू झालंय का हो?’’

तर प्रवासाच्या दहा दिवस आधी जेवणाच्या टेबलाचा काउंटर झाला. मामा एका बाजूला, जग दुसऱ्या बाजूला! त्यांची स्वतःची यादी आधीच मंजूर. काय होतं यादीत? दहा मीटर दोर, विजेचा टेस्टर, कुलूप, जादा कुलूप, शिट्टी, कपड्यांचे चिमटे चोवीस, प्लॅस्टिकची घडीची बादली आणि हातोडी. हातोडी! मी फक्त एवढंच म्हणालो, अत्यंत आदराने म्हणालो, ‘‘मामा, जहाजावर दोर असेल ना?’’ मामा म्हणाले, ‘‘असेल. पण तो त्यांचा असेल.’’

आणि मामी? मामीची पहिली वस्तू, मानेची उशी. ‘‘उपयोग काय? लिहून दे!’’ तिने लिहिलं, ‘मान.’ नामंजूर! दुसरी, दुर्बीण, तिच्या वडिलांची. ‘‘समुद्रात बघायचं काय असतं? पाणी! ते जवळूनही दिसतं!’’ नामंजूर! तिसरा, निळा झगा, जहाजावर एका संध्याकाळी कॅप्टनबरोबर जेवण असतं त्यासाठी शिवून घेतलेला. मामा म्हणाले, ‘‘कॅप्टन जेवायला बसला तर जहाज कोण चालवणार? असल्या जेवणाला आपण जायचंच नाही!’’ धाड! नामंजूर!

मामी काही बोलत नव्हती. चाळीस वर्षं न बोलणारी बाई अजून एक दिवस बोलली नाही, त्यात लक्षात येण्यासारखं काय होतं? मलाही आलं नाही, कबूल करतो.

मग आला चौदा तारखेचा शनिवार. संध्याकाळी मावशी आली होती, वकीलकाका-काकू आले होते, मामा फुशारकीने सगळ्यांना काउंटर दाखवत होते, आणि मामीने एक चिठ्ठी पुढे सरकवली. मामांनी ती मोठ्याने वाचली. ‘‘वस्तू : पोहण्याचा पोशाख. नग : एक. उपयोग : पोहणे… कुणाला?’’

मामी म्हणाली, ‘‘मला.’’

‘‘तुला कुठे पोहता येतं?’’

‘‘आठ महिने झाले, अहो. सकाळी फिरायला जाते म्हणून सांगते ना, ती तलावावर जाते. परवा दहा फेऱ्या मारल्या.’’

तुम्हाला सांगतो, एकसष्ट वर्षांची बाई हे वाक्य बोलताना किती उजळली होती! मावशीने टाळी वाजवायला हात वर केले… आणि मामा हसले. हसले म्हणजे काय, टेबल हललं! ‘‘आठ महिने? आणि मी म्हणतो फिरून फिरून ही बारीक का होत नाही! अगं, तू उतरलीस तर तलावातलं पाणी रस्त्यावर येत असेल! वकीलसाहेब, माझी केस घ्या, बायकोने मला आठ महिने फसवलं, आणि पुरावा म्हणून ही पाण्यात बसलेली दाखवा!’’ वकीलकाका हसले. वकीलकाकूही हसल्या. मीसुद्धा… मी स्मित केलं. फक्त स्मित. ‘‘आणि उपयोग म्हणशील तर,’’ मामा डोळे पुसत म्हणाले, ‘‘जहाज बुडालं तरच उपयोग, आणि बुडालं तर ते जाकीट देतात!’’ धाड! नामंजूर, जागेवरच ठेवावे!

मामीने चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि चहा टाकायला गेली. चहात त्या दिवशी साखर बरोबर होती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण राग वगैरे काही जाणवला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेनऊला, मामीने चिठ्ठ्यांचा गठ्ठाच आणून ठेवला. त्रेचाळीस चिठ्ठ्या! मामा फोनवर होते, गोदामातल्या जुन्या सहकाऱ्याला बंदरांची नावं ऐकवत होते, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये, उजव्या हातात शिक्का, डाव्या हातात लाल पेन, आणि सही-धाड, सही-धाड, ‘‘हो हो, तिसऱ्या दिवशी तिथेच थांबतं जहाज’’, सही-धाड, ‘‘अरे, त्या बंदराला आपण चौदा पेट्या पाठवल्या होत्या, विसरलास?’’, सही-धाड! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नामंजूर! मी समोर बसून टिपणं काढत होतो. मामांचा चष्मा त्या वेळी कपाळावर होता. जवळचं त्यांना चष्म्याशिवायही दिसतं, हेही लगेच सांगून ठेवतो.

आता पुढचं मावशीचं.

गुरुवारी, एकोणीस तारखेला, मामा-मामी सकाळी आठला टॅक्सीने बंदरावर पोहोचले. पांढरे बूट! गळ्यात शिट्टी! काउंटरवर लाल स्कार्फवाली एक मुलगी बसलेली. तिने मामीचा पास काढून दिला, मग यादीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाली, ‘‘सर, तुमचं नाव यादीत नाही.’’

मामा म्हणाले, ‘‘नीट बघा.’’

‘‘नीट बघितलं, सर. तुमच्या जागी सोमवारी दुसरं नाव चढलंय. तुमच्या संमतीचा कागद जोडलेला आहे.’’

आणि मागून मावशी आली, हातात बॅग, ‘‘भावोजी…’’ एवढंच म्हणाली. मामीने पर्स उघडली, आणि मूळ कागद काउंटरवर ठेवला. वस्तू : नवरा. नग : एक. वजन : ब्याऐंशी किलो. प्रवासात उपयोग : आठवत नाही. मागणी करणार : पत्नी. निर्णय : नामंजूर, जागेवरच ठेवावे! खाली सही, शिक्का, तारीख! तिकिटांच्या एजंटने म्हणे कागद बघून मामीला खुर्ची दिली होती आणि म्हणाला होता, ‘‘बाई, लोक नुसता फोन करून सांगतात हो, की येत नाही. इतका पक्का कागद आमच्याकडे कधी आला नाही!’’

मुलीने विचारलं, ‘‘सर, ही सही तुमची?’’

‘‘माझी.’’

‘‘शिक्का?’’

‘‘माझाच.’’

रांग थांबलेली. मागे पन्नास-साठ माणसं, माना लांब करून. मुलगी चांगली होती, मावशी म्हणते, तिने आवाज खाली आणला, ‘‘सर, तुम्ही हे न वाचता सही केली असेल तर तसं फक्त सांगा. मी साहेबांना बोलावते, नाव परत चढतं. अजून चाळीस मिनिटं आहेत.’’

ऐका, इथे मावशीने हातातली बॅग खाली ठेवली. कारण एवढंच बोलायचं होतं हो! ‘न वाचता केली.’ तीन शब्द! मागे जहाज उभं, सात मजल्यांचं, पांढरं, बावीसपैकी तीन बंदरांना जाणारं! मामांनी एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मामीकडे पाहिलं. मामी शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, चिठ्ठी आत देऊन काउंटरवर ताटकळणारा माणूस बघतो तशी. मग मामा ताठ झाले आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘बाई, छत्तीस वर्षांत मी न वाचता कशावर सही केलेली नाही!’’

संपलं! स्वतःच्या तोंडाने स्वतःला जागेवर ठेवलं!

जाताना, मावशी सांगते, त्यांनी तो मूळ कागद घडी घालून खिशात ठेवला, बॅगेतून दोर काढला आणि मामीसमोर धरला, ‘‘हा तरी असू दे. लागतो.’’ आणि मामी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘उपयोग काय? लिहून द्या.’’

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. मी दार उघडलं, आणि दारात पांढरे बूट! ‘‘मामा, जहाज?’’ ‘‘गेलं.’’ बॅग टेबलावर ठेवली, हातोडी हातोडीच्या जागी, चिमटे मोजून चिमट्यांच्या जागी. आणि मग आठ दिवस, अहो, आठ दिवस! मी स्वयंपाक करायचा, त्यांनी गिळायचा, दोघांनीही एकमेकांकडे बघायचं नाही! जेवण झालं की मी आशेने बोळकांडीकडे बघायचो. एकदाही गेले नाहीत. सरळ चालत खोलीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अचानक घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘‘आता लागलं असेल,’’ आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मामी परत आली ती तांबूस होऊन, खांद्यावर ओला टॉवेल टाकून. जहाजावर तलाव होता, रोज वीस फेऱ्या. कॅप्टन जेवायला होता; जहाज, तिच्या सांगण्याप्रमाणे, तेवढा वेळ व्यवस्थित चाललं. मामांनी दार उघडलं, बॅग हातातून घेतली, बाजूला ठेवली. दोघांमध्ये त्या विषयावर आजतागायत एक अक्षर झालेलं नाही.

मामीलाच मी विचारलं, की मामांनी ते खरंच वाचलं होतं का? ती टॉवेल वाळत घालता घालता म्हणाली, ‘‘वाचलं असतं तर वजन दुरुस्त केलं असतं रे. मी मुद्दाम दोन किलो कमी लिहिलं होतं. चुकीचा आकडा ते सोडत नाहीत.’’ मला पटलं. युक्तिवादात दोष काढता येईना.

आणि मग गेल्या बुधवारी वीजबिल शोधताना मामांची ‘प्रवास’ नावाची फाइल हाती लागली. मूळ चिठ्ठी, दोन भोकं पाडून लावलेली. ब्याऐंशीवर लाल पेनाने आडवी रेघ. वर चौऱ्याऐंशी. बाजूला मामांची लघुसही.

तारीख नाही! सगळ्यावर तारीख घालणारा माणूस, आणि इथे तारीख नाही! म्हणजे हा आकडा रविवारी सकाळी फोन खांद्यावर असताना दुरुस्त झाला, की नंतरच्या आठ दिवसांत कधीतरी, घरात एकटं बसून? मावशीला विचारलं, बंदरावर कागदावर काय होतं, ती म्हणते ब्याऐंशीच होतं, आणि हे सांगताना ती हसली. म्हणजे हा पुरावाही गेला! आजपर्यंत मला एवढा एकच भाग ताडून बघता आलेला नाही. मामांना विचारायला गेलो होतो, नाही असं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी म्हणालो, ‘‘काही नाही मामा, जेवायला चला.’’

वजन तेवढं मी स्वतः काट्यावर पडताळलं. माझ्या हातचं आठ दिवस खाऊन आता एक्याऐंशी भरतंय… म्हणजे दोघांचाही आकडा चूक.