सुमतीताईंची नदी

आदरणीय अध्यक्ष उत्तमराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, उत्सवमूर्ती असूनही कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसलेल्या आमच्या सुमतीताई, आणि रविवारची झोप मोडून नदीकाठी येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

मंडळाचा कार्यवाह म्हणून ताईंना निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. अध्यक्षांनी आत्ताच घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा थोडक्यात आटोपतो.

ताई भूगोलाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या आणि त्यांनी उल्हास नदीच्या काठाने फिरायची आपली 'उल्हास फेरी' सुरू केली. मंडळी, आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना कुठे नेतो? मॉलमध्ये! ताईंनी आपल्याला अंबरनाथचं वालधुनीकाठचं शिवमंदिर दाखवलं, टिटवाळ्याची काळू नदी दाखवली, थंडीत ठाण्याच्या खाडीवर उतरणारे रोहित पक्षी दाखवले. दुर्गाडी किल्ल्यावर उभं राहून भरतीचं पाणी उल्हासमध्ये उलटं वर चढताना दाखवलं. तेव्हा आमचे प्रफुल्लराव म्हणाले होते, "नदी रस्ता चुकली वाटतं!" प्रफुल्लराव, हसताय काय, तुम्हीच म्हणालात.

फेरी संपली की घाटावर गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने आपल्या गावची नदी सांगायची, हा ताईंचा रिवाज. कुणी सावित्री म्हणायचं, कुणी सीना. ताई सर्वांत शेवटी म्हणायच्या, "काजळी." रत्नागिरीजवळची, त्यांच्या माहेरची. त्याच काजळीकाठी त्या आता कायमच्या राहायला निघाल्या आहेत.

खरं सांगतो, त्या जाणार म्हटल्यावर फेरी बंद करायचं आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. ताईंचा जीव मात्र फेरीत अडकलेला. 'फेरी आता तू चालव' अशी त्यांनी रुचिताला गळ घातली. रुचिता ठाण्याजवळच्या दिवा गावची, एकही फेरी न चुकवणारी. पण तिने साफ नकार दिला.

"ताई, मला नका सांगू. सगळ्यांना गावची नदी आहे. मी दिव्यात जन्मलेली, आम्हाला गावच नाही. आमच्याकडे नळाला पाणी नसतं, नदी कुठून आणू? मी कुणाला काय दाखवणार?"

मला वाटलं, संपलं.

गेल्या रविवारी ताईंची शेवटची फेरी झाली. घाटावर गोल बसला. सावित्री झाली, सीना झाली. रुचिता नेहमीसारखी म्हणाली, "पास." शेवटी ताईंची पाळी आली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उल्हास."

माहेरी निघालेली बाई, आणि नदी आपली इथली सांगते!

रुचिता म्हणाली, "अहो ताई, तुमची काजळी?"

"ती जन्माची गं. ही इथे राहून माझी झाली. तू तर इथेच जन्मलीस नि इथेच राहिलीस, मग तुझी नको?"

रुचिताने डोळे पुसले आणि एकदम आवाज चढवला, "पुढच्या रविवारी सातला दुर्गाडीच्या पायथ्याशी. उशीर केलात तर थांबणार नाही हां मी!" ताई तेव्हा जे हसल्या, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हे सभागृह देणाऱ्या वाचनालयाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कमीजास्त बोललो असेन, तर उदार मनाने पोटात घाला. आणि नद्यांबद्दल काही चुकलं असेल, तर आता रुचिताताईंना विचारा. फेरी त्यांची आहे.