नऊ कोरे सोमवार

काकू : पण तुमचा वार सोमवार ना, ताई? आज गुरुवारी कशा काय उगवलात?

सल्लागार : उद्या चाळीस शेतकरी येणार आहेत तुमचं पॉलिहाऊस बघायला. म्हटलं, आदल्या दिवशी एक नजर टाकावी. काकू, आधी मला हे सांगा, ही निळी कार्डं अशी काळी कशानं झाली?

काकू : कशानं म्हणजे? किडे चिकटले. चिकटायलाच तर टांगलीत तुम्ही.

सल्लागार : पण सोमवारी एकही नव्हता! नऊ सोमवार झाले, ढोबळी मिरचीच्या एकाही ओळीत एकही किडा नव्हता!

काकू : सोमवारी कसा असेल? सोमवारी सकाळी मी नवीन लावते.

सल्लागार : काय लावता?

काकू : कार्डं. तुम्ही यायच्या आधी. घरी कुणी यायचं म्हटलं की आपण उशांचे अभ्रे बदलत नाही का? तसंच.

सल्लागार : काकू, मला जरा बसू द्या.

काकू : बसा की. त्या क्रेटवर नको, मोडकं आहे. इकडे बसा.

सल्लागार : अहो, हे कार्ड म्हणजे पिकाचा थर्मामीटर आहे! त्यावर किती किडे आले ते मोजून औषध मारायचं की नाही ते ठरवतात. आणि तुम्ही दर सोमवारी तो थर्मामीटर...

काकू : झटकून ठेवला. थर्मामीटर झटकूनच ठेवतात.

सल्लागार : ताप बघून झाल्यावर!

काका : नमस्कार, मॅडम! आवाज ऐकला म्हणून आलो. उद्याची जय्यत तयारी आहे. मी चार शब्द बोलायचेही लिहून ठेवलेत. विषय, 'शून्य कीड : एक तपश्चर्या'.

सल्लागार : काका, शून्य नाहीये.

काका : नाहीये म्हणजे? तुम्हीच तर लिहून दिलंत.

काकू : अहो, मी दर सोमवारी कार्डं बदलत होते. ताईंना तेच आवडलेलं नाही.

काका : बदलत होतीस? अगं, नऊ आठवडे तू पुरावे नष्ट करत होतीस!

काकू : पुरावे कसले डोंबलाचे. चिलटं ती.

सल्लागार : चिलटं नव्हेत, फुलकिडे आहेत. हे पान बघा. कडा वर वळल्यात, होडीसारख्या. रस शोषून घेतलाय सगळा.

काका : हेच पान मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, ऊन लागलं असेल.

सल्लागार : म्हणाले होते. कार्ड कोरं दिसलं, मग पान उलटून बघायचे कष्ट कोण घेतो? मी नाही घेतले. वर अहवाल पाठवला. साहेबांनी त्यावर लाल शाईनं 'आदर्श' लिहिलंय.

काका : मग चर्चा कशाला? टाकी भरतो. आठही ओळींवर मारू फवारा, आत्ताच्या आत्ता!

सल्लागार : आणि उद्या चाळीस माणसं त्याच पानांना हात लावत फिरतील? शिवाय फवारलं की औषध उतरेपर्यंत तोडणी थांबणार. आठ ओळींची मिरची झाडावरच सडू देणार का?

काका : मग करायचं काय?

काकू : सोपं आहे. उद्या सकाळी मी नवीन कार्डं लावते. चाळीस माणसं येतील, छान म्हणतील, जातील. पुढचं पुढे.

काका : मॅडम? विचार करताय की काय?

सल्लागार : करतेय. लाज वाटतेय, पण करतेय. नाही. नको, काकू. ती माणसं शून्य बघून घरी जातील आणि तसंच शून्य दिसायची वाट बघत बसतील. फक्त सुरुवात कुठून झाली तेवढं कळायला हवं होतं. नऊ आठवड्यांची एकही खरी नोंद नाही माझ्याकडे.

काकू : कुठून म्हणजे? दारातून.

सल्लागार : तुम्हाला कसं माहीत?

काकू : रोज झाडझूड करणाऱ्या बाईला कुठल्या कोपऱ्यात जास्त कचरा होतो ते कळत नाही होय? दाराजवळच्या दोन ओळींची कार्डं काळीकुट्ट निघायची. मधल्या चार ओळींवर तीळ सांडल्यासारखं. पार आतल्या, पंख्याकडच्या दोन तर मी बदलायचेही नाही. धडधाकट कार्ड टाकून कशाला द्यायचं?

सल्लागार : थांबा, थांबा. लिहून घेते. कधीपासून हे?

काकू : तिसऱ्या सोमवारपासून. बाहेर शेजाऱ्यांचा कांदा काढायला लागले ना, तेव्हापासून. मध्ये एक आठवडा दाराकडची कार्डंसुद्धा कोरी निघाली.

काका : तो कुठला आठवडा?

काकू : तुम्ही तुमच्या बहिणीकडे राहायला गेला होतात तो.

काका : माझा काय संबंध? मी काय खिशात किडे घेऊन फिरतो?

काकू : खिशात फोन घेऊन फिरता. दार लावलं की रेंज जाते म्हणून दोन्ही दारांना विटा लावून मध्ये उभे राहता. पाऊण पाऊण तास!

सल्लागार : काका! दोन दारं कशाला केलीत आपण? एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. कांदा निघाला की त्यातले फुलकिडे नवीन घर शोधतात. तुम्ही त्यांच्या स्वागताला दारात उभे!

काका : मी लगेच ठेवणार असतो हो. हिचा भाऊच फोन ठेवत नाही.

काकू : माझ्या भावावर घालू नका. फोन तुम्ही लावता.

सल्लागार : भांडण नंतर. ऐका, ही तर चांगली बातमी आहे. फवारा फक्त दाराजवळच्या दोन ओळींना, तोही उद्या पाहुणे गेल्यावर. तिथली तोडणी थांबेल तेवढीच. मधल्या ओळींत दर तीन दिवसांनी पानं उलटून बघायची. पंख्याकडे हातही लावायचा नाही. सहा ओळी वाचल्या, काकू.

काका : आणि उद्या त्या चाळीस जणांना काय दाखवायचं?

सल्लागार : हीच काळी कार्डं. आणि बोलायचं काकूंनी.

काकू : मी? इश्श. मी काय बोलणार? मला तपश्चर्या वगैरे येत नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. पाहुणे गेले आहेत.)

काका : माझे चार शब्द राहिलेच.

सल्लागार : काका, तुमची बायको दीड तास बोलली. त्यातला अर्धा तास तुमच्या फोनवर.

काका : ऐकलं ना. चाळीस माणसं वळून वळून माझ्याकडे बघत होती.

काकू : हसली, पण ऐकत होती हो. आणि ताई, तो मिशीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, 'वहिनी, आमच्याकडे पण सोमवारी बदलतात.' त्याच्या मागून आणखी दोघंजण, तेच सांगायला.

सल्लागार : मला सात जणांनी सांगितलं. एकानं तर कार्डावरचा कागदच काढलेला नाही. हाताला चिकटतं म्हणून.

काका : साहेब काय म्हणाले?

सल्लागार : त्यांनी विचारलं, बाकीची शून्यंही अशीच आहेत का? म्हटलं, बघून सांगते. आता मी वार न सांगता जाणार. तुमचा जुना अहवाल मागे घेतलाय. नवा लिहून झालाय, ओळींप्रमाणे, आठवड्यांप्रमाणे. अंदाजे आहे हेही लिहिलंय. फक्त खाली सही हवी. निरीक्षण कुणी केलं, त्याची.

काकू : यांची घ्या ना. सगळीकडे यांचीच असते.

काका : मी कुठे मोजलेत? मी तर फोनवर होतो. तू कर.

सल्लागार : इथे, काकू. या रेघेवर.

काकू : थांबा. हात धुऊन येते.